रडण्याची तालीम

उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. उपमेचे हे चार भाग मी अहेरीच्या शाळेत दहावीच्या वर्गाला इतकी वर्षं शिकवते आहे की हातात खडू नसतानाही बोटं ते शब्द गिरवत असतात. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान. 'सारखा', 'जसा' दिसलं की उपमा. 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. दोन्ही एकच आहेत असं ठासून सांगितलं की रूपक. पोरं घोकतात, पेपरात लिहितात, मार्क मिळवतात. मराठीत मार्क मिळवून देणारी मॅडम म्हणून माझं तालुक्यात थोडंफार नाव आहे, आणि ते मला आवडतं हे सांगायला मी लाजत नाही.

अशा मला माझ्या मायनं एका दुपारी विचारलं, "मी मेल्यावर तू कशी रडशीन?"

मी भाजी निवडत होते. मला वाटलं, दुखण्यानं वैतागून बोलतेय. नुकतीच आम्ही चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. हृदयाचा पंप थकलाय, पायात आणि छातीत पाणी धरतं, गोळ्या चालू ठेवा, मीठ बंद करा, आणि आता घरीच आरामात राहू द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. 'घरीच आरामात' याचा अर्थ मला कळला होता. मायला कळला नसेल अशी माझी समजूत होती.

"रडीन की," मी म्हटलं. "सगळे रडतात तशी."

"तशी म्हंजे कशी? म्हनून दाखव."

आमचं गाव अहेरीहून मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून थोडं आत आहे. इथे माणूस गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. मेलेल्या माणसाला हाक मारायची, असा सोडून गेलास म्हणून त्याच्यावर रागवायचं, त्यानं काय काय केलं ते एकेक आठवायचं, त्याला कशाकशाची उपमा द्यायची, आणि प्रत्येक ओळ हेल काढत 'माय व'वर नेऊन सोडायची. घरातल्या जवळच्या बाईनं पहिला हेल काढायचा, मग बाकीच्यांनी तो धरायचा, अशी रीत आहे. पहिला हेल घरातून निघाला नाही तर आलेल्या बायकांची पंचाईत होते. त्या पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहतात आणि एकमेकींकडे बघतात. असं मरण गाव विसरत नाही. 'तिच्यासाठी घरचं कोनी रडलंच नाई', असं पुढे कितीतरी वर्षं बोललं जातं.

ज्या घरात अशी रडणारी नसेल तिथून माझ्या मायला बोलावणं यायचं. ती काही धंद्यानं रडणारी नव्हती. पण तिचा आवाज चढा होता, शब्द तयार असायचे, आणि दुसऱ्याच्या दुःखात शिरायची तिला हौसही होती असं मी म्हणेन. नांगर सोडून, ताट सोडून, ताप अंगात असताना ती गेली आहे. गावातलं एकही मरण तिनं सुनं जाऊ दिलं नाही.

आणि तिला मी एकुलती एक. सून नाही, दुसरी लेक नाही, बहीण केव्हाच गेली. बाबा गेले तेव्हा मी चंद्रपूरला बी.एड. करत होते. लेकीनं गावाच्या शिवेपासून रडत यायचं असतं. मी बसमधून उतरले, चालत आले, आणि दारात नुसती उभी राहिले. आवाजच फुटला नाही. मग मायनं माझ्या वाटचंही रडून घेतलं. ते ती विसरली नव्हती.

"वेळ आली की येतं आपोआप," मी म्हटलं.

"तेव्हा आलं होतं का?"

मी भाजी निवडत राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी साऱ्यायसाठी रडली. माह्यासाठी कोन रडन? मले एकडाव ऐकू दे. मंग मी मोकळी."

मला राग आला. मला भीती वाटली की रागच येतो, तो माझा जुना स्वभाव आहे. जिवंत माणसासाठी रडणं किती अभद्र ते सांगितलं. मी शिकलेली बाई आहे हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला नाही म्हणाली. जेवणावर रुसणं हे तिचं हत्यार होतं, आणि गोळ्या उपाशीपोटी चालत नव्हत्या. मी हरले.

सुरुवात मी माझ्या पद्धतीनं केली. खाटेजवळ स्टुलावर बसून, वर्गात म्हणते तशा संथ आवाजात म्हटलं, "माय, तू चंदनासारखी झिजलीस."

मायनं तिचा हात माझ्या नाकाशी आणला. "घे वास."

हाताला गुडघ्याला चोळलेल्या बामचा वास येत होता.

"बरं. दिव्यासारखी तू घरभर उजेड दिलास."

"लाइन जाते तेव्हाचा का?"

मग मी अतिशयोक्तीकडे वळले. तुझ्या जाण्यानं प्राणहिता आटून गेली, असं म्हटलं. ती म्हणाली, "उन्हाळ्यात तशीबी आटते. पावसाळ्यात मेली तं हे म्हन." चेतनगुणोक्ती करून पाहिली, अंगणातली तुळस तुझ्यासाठी रडतेय म्हणून. "तुळस काऊन रडन? तिले पानी तूच घालते. मी कधी घातलं?"

इथे मात्र माझा संयम सुटला. मी म्हटलं, तुझं तरी काय मोठं होतं? मेलेला प्रत्येक पुरुष तुझ्या रडण्यात घराचा मधला खांब. नाल्याजवळचा तो, जो आयुष्यभर पिऊन ओट्यावर आडवा असायचा, तोसुद्धा मधला खांब. आणि बाई गेली की एक तर चुलीतला इस्तव विझला, नाही तर वाटेवरचं आंब्याचं झाड गेलं. तीन उपमांवर तू अख्खं गाव पोचवलंस.

माय हसली. हसताना तिला धाप लागली, तरी हसली. "खांब होताच तो. उभा राहत नव्हता ही गोष्ट येगळी."

मीही हसले. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. मला वाटलं, गमतीवारी चाललंय तर चालू द्यावं. दुखण्यातल्या माणसाला विरंगुळा लागतो.

पण तिला विरंगुळा नको होता. दोनचार दिवसांनी तिनं हट्ट धरला की असं पुटपुटून रडत नसतात, आवाज काढ. मार्च लागला होता, शाळा सकाळची झाली होती, मी दुपारी घरी असे. गाव पहाटे मोहफुलं वेचून आलेलं, ज्याचं त्याचं अंगण वाळत घातलेल्या मोहानं भरलेलं. आमच्या आणि शेजारच्या काकीच्या अंगणात फक्त बांबूच्या तट्ट्याचं कुंपण. मी दार लोटून घेतलं, डोळे मिटले, आणि लाज गुंडाळून ठेवून पहिला हेल काढला. "माह्या माय व..."

दुसरी ओळ मला काढावी लागलीच नाही. तट्ट्यापलीकडे काहीतरी आपटलं आणि काकीचा हेल आला, लांबलचक, आतडं पिळवटून टाकणारा. ती रडतच आमच्या दारात आली. मागोमाग वरच्या घरची, मग समोरची, मग ज्यांची नावंही मला पटकन आठवत नाहीत अशा बायका. हात मोहानं चिकट, डोक्यावरचे पदर सुटलेले. दार ढकलून त्या सरळ खाटेवर पडल्या. मी "अहो काकी, अहो ऐका" म्हणत होते, पण रडणाऱ्या बायकांत एका बाईचा आवाज तो काय. त्यांना वाटलं मी रडतेय. एकीनं मला छातीशी धरून माझं तोंडच बंद केलं.

आणि माय? माय डोळे मिटून पडली होती. तिनं एका हातानं इशारा केला असता तरी पुरे होतं. पण नाही. ती ऐकत होती.

"वाटेवरचा आंबा व माह्या बाई, आता उन्हाचं कुठी टेकू," काकी म्हणत होती. "चुलीतला इस्तव विझला व, आता घरोघरी काय नेऊ." बाकीच्या धरत होत्या. काकीनं मायचे पाय कवटाळले, कपाळ त्यांवर टेकवलं, आणि मग तिचा हेल हळूहळू बसत गेला. पाय गरम होते.

काकीनं मान वर केली. मायनं डोळे उघडले आणि म्हणाली, "थांबली काऊन व? म्हन ना पुढं."

एक बाई किंचाळून भिंतीशी गेली. काकी मटकन खाली बसली. मग जे झालं ते रागावणं होतं की हसणं, मला आजही सांगता येत नाही. समोरची म्हणाली, जितेपनी असं करत नसतात, घरावर येते. ती चहा न घेता गेली आणि पुढे बरेच दिवस आमच्या दारावरून तोंड फिरवून जायची. काकी मात्र बसली. मायनं तिला सगळं सांगितलं, माझी लेक रडणं शिकून राह्यली आहे म्हणून. काकीनं माझ्याकडे बघितलं. दया होती त्या बघण्यात, आणि थोडी गंमतही. "मास्तरीनबाई," ती मला म्हणाली, "शाळेत नाई का व शिकवत हे?"

सगळ्या गेल्यावर मी मायवर चिडायचं ठरवलं होतं. पण ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "सारं माहंच."

"काय?"

"आंबा मी पुलाजवळच्या म्हातारीले म्हटला होता. इस्तव तुह्या आजीले. माहंच मले वापस केलं." तिनं पदर तोंडावर ओढला. "मले वाटलं, माह्यासाठी काई येगळं असन."

तिला असं दुखावलेलं मी क्वचित पाहिलं होतं. बाबांच्या वेळी ती कोसळली होती, पण ते वेगळं. हे एखाद्या पोरीसारखं होतं, सणाला दुसरीचंच जुनं लुगडं नेसवल्यावर पोर रुसते तसं. माझ्या तोंडावर आलं होतं की सगळ्यांचं असंच असतं माय, भाषेत सगळं वापरलेलंच असतं. त्याऐवजी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं.

"तू दुसरं कर," ती म्हणाली. "कोनाचंच नसन असं."

तेव्हापासून ते रोजचं झालं. शाळेतून यायचं, हातपाय धुवायचे, तिला पेज पाजायची, आणि रडायला बसायचं. पलीकडे काकी खराट्यानं मोह परतत असायची आणि तिथूनच अभिप्राय द्यायची. "आज सूर बरा होता." "हे लै लांबलं बाई, दम लागन." गावानंही लवकरच मनावर घेणं सोडलं. वाटेत कुणी भेटलं की विचारायचे, "मॅडम, जमते का?" मी मान हलवायचे. ती हलवलेली मान हो की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

मला जमत नव्हतं. मी चिडून चिडून प्रयत्न करत होते आणि जमत नव्हतं. उपमेय माझ्यासमोर वाकळींच्या ढिगाला टेकून बसलेलं होतं, पाय सुजलेलं, नाकातली चमकी सैल झालेलं, आणि त्याला उपमान मिळत नव्हतं. घरातली वस्तू न् वस्तू मी तिला लावून पाहिली. सूप, पाटा, विहिरीचा दोर, कोठीतलं बियाणाचं धान. प्रत्येकात काहीतरी जुळायचं आणि बाकीची माय बाहेर राहायची. दोराला तिची टिकाऊ वृत्ती होती, पण तिचा आगाऊपणा नव्हता. पाट्याला तिचं राबणं होतं, पण पाटा कधी शेजारणीच्या घरात काय शिजलंय ते वासावरून सांगत नाही. उपमा एकच गुण उचलते, हे मी पोरांना इतकी वर्षं सांगत आले. त्याच्यानं माझा जीव असा कासावीस होईल हे कुठे ठाऊक होतं.

आणि माय तरी सरळ होती का? तिला रडण्यात नसलेल्या गोष्टी हव्या असत. लग्नात मी गोरी होती ते घाल, म्हणायची. ती कधीच गोरी नव्हती, फोटो आहे. दात सारे शाबूत होते ते घाल. बाबांचं नाव नको, त्यांचं रडून येगळं झालं. आणि मी खरं तेच म्हटलं, की माय तू हट्टी होतीस, तर बोट वर करायची. ते बोट म्हणजे चूक. बोलताना दम लागायला लागला तेव्हापासून तिनं ते बोट सुरू केलं होतं. मी ओळ म्हणायची, तिनं बोट वर करायचं, मी गप्प व्हायचं.

"मग तूच सांग कशी म्हणू," मी एकदा म्हटलं.

"मले नाई सांगता येत," ती म्हणाली. "मले म्हनता येते. आता तेबी नाई येत." आणि ती रडायला लागली, साधं, बिनशब्दांचं. मी तिचं तोंड पुसलं. आमच्या घरात दोन बाया, एकीला अलंकारांची नावं ठाऊक आणि दुसरीला हेल, आणि दोघींच्याही हातून काही होत नव्हतं.

शाळेत उजळणी चालू होती. नववीची वार्षिक परीक्षा तोंडावर, शेवटच्या तासिका. मी अलंकार पुन्हा घेत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती प्रश्न विचारणाऱ्यातली नव्हती. म्हणाली, "मॅडम, कवी उपमा काऊन देते? जे आहे ते सांगून टाकायचं ना."

मी म्हटलं, "भाषेला सौंदर्य येतं म्हणून." पुस्तकात तसंच आहे. तिनं ते लिहून घेतलं. मी खिडकीबाहेर बघत बराच वेळ उभी राहिले, पोरं कुजबुजायला लागली तेव्हा भानावर आले.

एका दुपारी तिचा श्वास अडकला. ओठ निळसर झाले. काकीच्या जावयाचा ऑटो होता, त्यात तिला घातलं आणि अहेरीला निघालो. मोठ्या रस्त्याला लागलो तर सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची रांग. कुठेतरी पुढे एक ट्रक बंद पडला होता. लाल धूळ, तापलेले टायर, आणि मधे आमचा ऑटो, ना पुढे ना मागे. जावई उतरून ड्रायव्हरांशी हुज्जत घालत होता. मी मायला छातीशी धरून बसले होते. तिच्या श्वासाचा खरखर आवाज मला माझ्या फासळ्यांत लागत होता.

तिनं माझा पदर ओढला. "म्हन," ती म्हणाली. "आता म्हन."

"आता नको माय. आता श्वास घे."

"म्हन ना."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. समोर ट्रकाच्या मागे रंगवलेली फुलं होती, ती मी नुसती बघत बसले. काही आलं नाही. चंदनसुद्धा आलं नाही. मी तिची पाठ चोळत राहिले आणि "आलंच, आलंच" म्हणत राहिले, जसं काही दवाखाना पुढच्याच वळणावर आहे. ती माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर टाळली.

रांग हलली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, पाणी उतरलं, श्वास मोकळा झाला. एका रात्रीसाठी ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. आणखी काही करण्यासारखं आहे का, असं मी विचारलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता गोळ्यांची पाकिटं सारखी केली. अशा वेळी माणसं सारखं करण्याजोगं काहीतरी शोधतात.

त्यानंतर माय फारशी बोलली नाही. बसूनच झोपायची, बसूनच जागी व्हायची. दुपारी मात्र मी हात पुसत आले की माझ्याकडे बघून हनुवटी किंचित वर करायची. म्हणजे, सुरू कर. मी सुरू करायचे, ती बोट उचलायची.

शेवटच्या दिवशी मी शाळेतून वैतागून आले होते. स्कूटी रस्त्यात बंद पडली होती, ऊन मी म्हणत होतं. घरात शिरले तर पेजेची वाटी तशीच झाकलेली. सकाळी काकी येऊन पाजणार होती, मायनं तिला हाकलून दिलं होतं. मी वाटी आपटली.

"काय आई आहेस तू," मी म्हटलं. हनुवटी वर झाली होती की नाही ते मी पाहिलंसुद्धा नाही. "सकाळपासून उपाशी. माझ्या हातचंच पाहिजे. मी काय दोन ठिकाणी असते?"

आणि मग ते निघालंच. मी स्टुलावर बसले नाही, डोळे मिटले नाहीत. उभ्या उभ्या, वाटीतली पेज फरशीवर सांडलेली, मी तिच्याशी भांडत होते, आणि भांडता भांडता माझा आवाज कुठेतरी चढून हेलात गेला ते मला कळलंही नाही. "कशी व तू माय. साऱ्यायच्या दारात रडाले गेली, माह्या तापात घरी नव्हती. सारं गाव तुले ठाव, अन् तुह्या लेकीचं मन ठाव नाई. मले शिकवलं, दूर धाडलं, अन् आता म्हनते बोलून दाखव. मी काय बोलू व. तुह्याशिवाय मले कोन टोकन. कोनाशी भांडू व माय. तू चालली, अन् मले इथी ठेवून चालली, तुले लाज नाई का व..."

निंदेच्या आडून केलेली स्तुती म्हणजे व्याजस्तुती. इतक्या सगळ्यातही डोक्याच्या एका कोपऱ्यात ते वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं आलं. वर्षानुवर्षांची सवय अशी जात नाही. पण मी थांबले नाही. एकामागून एक ओळ येत होती, त्यात एकही उपमा नव्हती, आणि बोट वर होत नव्हतं. एका ओळीलाही नाही. मला वाटलं, तिला पटलंय. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी अलीकडे तापल्या दुपारीसुद्धा गार राहणाऱ्या तिच्या तळव्यांजवळ बसले आणि हसत, रडत विचारलं, "जमलं का व माय?"

तिचा हात मांडीवर उपडा पडलेला होता. बोट सरळ होतं. मान एका बाजूला, भिंतीकडे, ऐकत असल्यासारखी. डोळे अर्धे उघडे होते. मी हात उचलला, तो माझ्या हातात नुसता आला.

ती कोणत्या ओळीला गेली, मला माहीत नाही. सुरुवातीलाच गेली असेल, मी वाटी आपटली तेव्हाच. किंवा सगळं ऐकून गेली असेल. हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारते आहे आणि सांगणारं कुणी नाही.

मग जो आवाज माझ्यातून निघाला त्यात शब्द नव्हते. 'माय' होतं, तेवढंच, पुन्हा पुन्हा. मी तिला धरून बसले होते आणि ते निघत होतं. पहिला हेल घरातून निघाला होता, रीतीनं, जवळच्या बाईचा. आता बायका यायच्या होत्या.

तट्ट्यापलीकडे काकी मोह परतत होती. खराट्याचा आवाज येत होता, सावकाश, एका लयीत. तो थांबला. मला वाटलं, आली.

"आज जमलं व बाई तुले," काकी पलीकडून म्हणाली. "आज खरंच जमलं. माह्याबी डोळ्यात पानी आलं."

मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. काकी, या, माय गेली, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यातून पुन्हा तेच निघालं, तोच हेल, आधीपेक्षा मोठा.

खराटा पुन्हा सुरू झाला. "बस कर आता," काकी म्हणाली. "घसा बसन. उद्या शाळा आहे ना तुले."